रांगेतला शेवटचा बटाटा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी तवा आहे. बाजाराच्या कोपऱ्यावर कागदी वाटी हातात धरून, "ताई, माझे जरा कुरकुरीत करा हं" असे म्हणत तुम्ही ज्याच्यासमोर ताटकळत उभे असता, तोच मी. तुमचे सगळे लक्ष बटाट्यांवर असते, तव्याकडे कोण बघतो! पण त्याचा मला राग नाही. भुकेल्या माणसाने बटाट्यांकडेच बघावे. आज कोळसे जरा दमट आहेत, शेगडी पेटायला वेळ लागेल. तोवर माझी हकिकत ऐका.

मी जन्मजात तवा नाही. आधी मी एका मोठ्या पाण्याच्या टाकीचा तळ होतो. टाकी गळू लागली, मोडीत निघाली आणि माझा तुकडा एका लोहाराच्या हाती आला. त्याने मला गोल कापले, भट्टीत लालबुंद केले आणि हातोडा उचलला. माझी कड चारी बाजूंनी वर वळवायची, एवढेच काम उरले होते. पण घरातून जेवणाची हाक आली की काय, कोण जाणे, त्याचा हात चुकला आणि कड वर वळायच्या ऐवजी बाहेर पसरली. चांगली चार बोटे रुंद आणि अगदी सपाट. उलट्या ठेवलेल्या टोपीसारखे माझे ध्यान दिसू लागले. गिऱ्हाइके येत, मला उचलून बघत, वजनाने वाकत, कड बघून नाक मुरडत आणि शेजारचा तवा घेऊन जात. लोहाराच्या दारात मी बरेच दिवस पडून होतो. त्याच्या कोंबड्यांना मात्र माझी कड फार आवडे. त्या तिच्यावर बसून ऊन खात.

मग एके दिवशी ताई आली. बाजारात तिला सगळे ताईच म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणतो. तेव्हा ती तरुण होती आणि तिची लहान मुलगी तिच्या पदराला धरून उभी होती. घरात त्या दोघीच, तिसरे कोणी नाही. ताईने बोटाच्या पेराने मला टकटक वाजवून पाहिले.

"आवाज चांगला आहे. पण कड अशी का हो?"

"चुकली," लोहार म्हणाला. प्रामाणिक माणूस होता बिचारा.

"मग चुकीचे पैसे कमी करा."

लोहार हसला आणि त्याने खरेच पैसे कमी केले. माझ्या व्यंगामुळेच मी ताईच्या घरी गेलो, मित्रांनो. देवाने दिलेले रूप असो की लोहाराने दिलेले, त्याबद्दल कुरकुर करू नये, एवढे मी त्या दिवशी शिकलो.

ताईने मला मिठाने घासले, तेल पाजले, तापवले, पुन्हा तेल पाजले. असे आठवडाभर चालले होते. शेवटी माझे अंग काळेभोर आणि गुळगुळीत झाले. मग तिने उकडलेले बटाटे तळहाताने दाबून चपटे केले आणि माझ्यावर टाकले. खालून खरपूस, आतून लोण्यासारखे. वरून मीठ, मिरपूड आणि लिंबू. एवढाच पदार्थ, पण त्यासाठी आठवडी बाजारात रांग लागू लागली. इतर दिवशी ताई एका खानावळीत भाज्या चिरायला जात असे. पण खोलीचे भाडे आणि मुलीची फी निघत होती ती बाजारातल्या त्या कोपऱ्यावरून.

त्या कोपऱ्यावर आम्हाला शेजारी लाभले ते खराटेकाका. खराटे, केरसुण्या आणि झाडू विकणारा उंच, काटकुळा माणूस. दुरून तोही एक खराटाच वाटायचा. त्यांच्या मालाला आणि आमच्या शेगडीला शेजार मिळावा, हा बाजारवाल्यांचा विनोदच म्हणायला हवा. सगळा माल वाळलेल्या काड्यांचा! कोळसा तडतडला की काका ताडकन उठत.

"ताई, एक ठिणगी इकडे आली ना, तर माझं दुकान आणि तुमचे बटाटे एकाच भावात भाजले जातील!"

"मग जरा तिकडे सरका की."

"मी सरकू? मी तुमच्या आधीपासून आहे इथे!"

असे भांडण दर बाजारी व्हायचे. भांडण झाले की काका एक वाटी बटाटे मागवायचे आणि "मीठ जास्त झालंय" म्हणत वाटी चाटूनपुसून साफ करायचे. मला वाटे, या माणसाच्या मनात आमच्याबद्दल आढी आहे.

आता तुम्हाला ताईच्या हिशेबाची पद्धत सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. ताई वहीत काही लिहीत नसे. सकाळी शेगडी पेटवण्याआधी ती कच्चे बटाटे घ्यायची आणि माझ्या रुंद कडेवर एकेक करून मांडायची. एक बटाटा म्हणजे दहा वाट्यांची विक्री. मांडताना ती पुटपुटायची, "बटाट्यांचे चार. कोळशाचे दोन. तेल, मीठ, लिंबू मिळून एक. वाट्यांचा एक. टेम्पोचा एक. जागेचा एक." मग थांबून म्हणायची, "इथपर्यंत जगाचे. इथून पुढचे आपले." दिवसभरात दहा वाट्या गेल्या की ती एक बटाटा उचलून टोपलीत टाकायची. जगाचे सगळे बटाटे उचलून झाले की तिच्या कपाळावरची आठी मोडायची, आणि त्यानंतरच्या गिऱ्हाइकाला चार तुकडे जास्त मिळायचे. माझी कड चुकली नसती तर ही रांग मांडायला तिला जागाच मिळाली नसती. ती रांग अंगावर मिरवताना मला फार अभिमान वाटे. फक्त एकच गोष्ट कधीकधी मनात येई. या रांगेत सगळ्यांचे बटाटे होते, कोळशाचे होते, टेम्पोचाही होता. माझा मात्र नव्हता.

वर्षे गेली. मुलगी मोठी झाली, शिकली, एका दुकानात कामाला लागली. सुट्टीच्या दिवशी ती बाजारात आईला हात द्यायला यायची. आईचे धुराने लाल झालेले डोळे आणि संध्याकाळी सुजलेले पाय बघून तिचा जीव तुटायचा. एकदा ती दुकानातून एक बातमी घेऊन आली. शेजारच्या मोठ्या शहरात नऊ दिवसांचा उत्सव भरणार होता. गाणीबजावणी, रोषणाई, पाळणे आणि खाण्याच्या दुकानांची लांबच लांब ओळ.

"आई, इथे आठवड्यातून एकदा उभी राहतेस आणि सहा बटाटे घरी नेतेस. तिथे माणसांचा पूर असतो, पूर! असे वर्षातून चार उत्सव केले की बास. बाकीचे दिवस पाय वर करून बस."

 ताईने बटाट्यांची टोपली पुढे ओढली आणि माझ्या कडेवर उत्सवाच्या एका दिवसाची रांग मांडायला घेतली.

"जागेचं भाडं किती म्हणालीस?"

मुलीने आकडा सांगितला. ताईने जागेचेच नऊ बटाटे मांडले.

"अगं, पण तिथे वाटी दीडपट भावाने जाते!"

"बरं, मग हे तीन काढते." तीन बटाटे टोपलीत गेले. "आता दिव्यांचा एक. पाण्याचा एक. झाडलोटीचा एक. बटाट्यांचे, वाट्यांचे. टेम्पो लांबचा, त्याचे तीन. कोळसा चालेल ना?"

"कोळसा नाही चालत. गॅसच लागतो. आणि गॅसवर हा तवा तापेपर्यंत उत्सव संपेल, आई. टेम्पोवाला याच्या वजनाचे वेगळे पैसे घेईल ते निराळेच. तिथे स्टीलचा तवा भाड्याने मिळतो, हलका आणि चकचकीत."

"म्हणजे तव्याचेही दोन," ताई म्हणाली आणि तिने आणखी दोन मांडले.

मित्रांनो, इतकी वर्षे मी फुकट राबलो त्याचे मला काही वाटले नव्हते. पण त्या चकचकीत परक्या तव्याचे दोन बटाटे माझ्याच अंगावर मांडलेले बघून मला कसेतरीच झाले.

रांग माझ्या कडेवरून फिरत फिरत पहिल्या बटाट्याला येऊन भिडली. कड संपली, खर्च संपेना. उरलेले दोन बटाटे हातात धरून ताई मुलीकडे बघत राहिली.

"हे सगळे विकले जातील तेव्हा कुठे आपला पहिला बटाटा."

"माणसंही तेवढीच असतील, आई. एकदा करून तर बघू." मुलीने आईचा हात धरला. त्या हातावर तेलाचे जुने डाग होते. "तू कायम या धुरातच उभी राहणार का?"

लेकीच्या या प्रश्नाला कोणती आई नाही म्हणेल? जागेचे पैसे आगाऊ भरून टाकले. खानावळीतून आणि दुकानातून दोघींनी सुट्ट्या घेतल्या. उत्सवाच्या दिवसांत आमचा एकच बाजार बुडणार होता, तेवढे चालण्यासारखे होते.

आणि मग बातमी आली, की उत्सव काही दिवस पुढे ढकलला आहे. आता त्यात एक सोडून दोन बाजार येत होते.

ताईच्या तोंडचे पाणी पळाले. कारण आमच्या बाजाराचा एक जुना नियम आहे. जो ज्या कामाचा, त्याचे ते काम त्याच्या जागेवर चालू दिसले पाहिजे. चहावाल्याचे आधण, खराटेवाल्याचे खराटे, आमची पेटलेली शेगडी. लागोपाठ दोन बाजार जागा गार दिसली, की ती थांबलेल्या पुढच्या माणसाला मिळते. आमच्या कोपऱ्यावर प्लास्टिकचे डबे विकणाऱ्या एका माणसाचा केव्हापासून डोळा होता. ताई मुकादमांकडे गेली. मुकादम म्हणजे बाजारात फेरी मारून जागा तपासणारे गृहस्थ. माणूस वाईट नव्हता, पण नियमाला पक्का.

"ताई, तुम्हाला सूट दिली की उद्या सगळा बाजार माझ्या दारात उभा राहील. शेगडी पेटलेली दिसली पाहिजे, एवढंच मला कळतं."

आगाऊ भरलेले पैसे परत मिळत नव्हते. मुलगी रडवेली झाली. "माझ्यामुळे झालं सगळं," ती म्हणत होती. ताईने तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुझ्यामुळे नाही गं. उत्सवाच्या पायात चाकं आहेत, ते आपल्याला कुठे माहीत होतं? आता जाऊ आणि नशीब काढून येऊ." पण रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी ताईने मला तेल लावले, गोणपाटात गुंडाळले आणि शेगडीसकट खराटेकाकांच्या टपरीत आणून ठेवले.

"काका, आमच्या खोलीत ओल फार आहे. दहा-बारा दिवसांत गंज चढेल याला. तुमच्या टपरीत कोरडा राहील. ठेवाल ना?"

"ठेवतो की. पण जागेचं काय?"

 "बघू," ताई एवढेच म्हणाली आणि वळली. आपल्यासाठी काही करा, असे म्हणायची तिला सवयच नव्हती. जाता जाता मुलगी सहज बोलून गेली, "परत आल्यावर हा तवा भंगारातच देऊ या, आई. वजनावर चांगले पैसे येतील." ती हे मनापासून बोलली नव्हती. पण मी मात्र ते मनाला लावून घेतले.

टपरीच्या अंधारात, खराट्यांच्या ढिगाखाली मी पडून होतो. गोणपाटाचा वास, वाळलेल्या काड्यांचा वास आणि मधूनच एखाद्या उंदराची धावपळ. आपला काळ संपला, असे मी धरून चाललो. पुन्हा वितळून कशाची तरी कडी नाहीतर खिळा होणार, एवढाच प्रश्न उरला होता.

बाजाराचा दिवस उजाडला. टपरीचे दार उघडले आणि कोणीतरी माझे गोणपाट सोडू लागले. बघतो तर खराटेकाका! त्यांनी मला दोन्ही हातांनी उचलले, "अरे बाप रे" म्हणून पुन्हा खाली ठेवले, कंबर धरली, आणि मग जमिनीवरून चाकासारखा गडगडवत ताईच्या जागेवर नेले. नंतर शेगडी आणली. त्यानंतर त्यांनी जे केले ते बघून माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. नियमापुरता एक खराटा आपल्या टपरीला अडकवून त्यांनी बाकीचा सगळा माल उचलला. नेहमीची सावलीची जागा सोडून तो रस्त्यापलीकडे उन्हात नेऊन ठेवला, आमच्यापासून लांब. पाण्याची भरलेली बादली आणून शेजारी ठेवली. आणि ठिणगी म्हटली की ज्यांच्या अंगावर काटा येई, ते खराटेकाका गुडघ्यावर बसून आमच्या शेगडीत फुंकर मारू लागले.

शेगडी काही केल्या पेटेना. काकांचे डोळे लाल झाले, मिश्यांची टोके जळाली. चहावाला ओरडून म्हणाला, "काका, घरी कधी चूल पेटवली होती का?"

"घरी मला चुलीजवळ उभं तरी करतात का?" काका खोकत म्हणाले. "पण आज पेटवणार."

शेवटी पेटली. नुसती शेगडी पेटून भागणार नाही, वर काहीतरी हवे, म्हणून त्यांनी भाजीवाल्याकडून एक बटाटा आणला. न उकडता, न सोलता, खराट्याच्या काड्या छाटायच्या सुरीने त्याच्या फोडी केल्या आणि तेलाचा थेंब न टाकता माझ्यावर पसरल्या. मित्रांनो, मी चांगल्या घरातला तवा आहे, पण असल्या फोडींपुढे माझाही इलाज चालेना. त्या चिकटल्या, करपल्या, आणि त्यांचा असा धूर निघाला की अर्धा बाजार वळून बघू लागला. त्या धुराच्या मागोमाग मुकादम आले.

"हे काय चाललंय?"

"शेगडी पेटली आहे," काका ताठ उभे राहून म्हणाले.

"ते दिसतंय. ताई कुठे आहेत?"

"नियमात शेगडी आहे, मुकादम. ताईचं नाव कुठे आहे?"

मुकादमांनी बादलीकडे पाहिले. रस्त्यापलीकडे उन्हात पडलेल्या खराट्यांकडे पाहिले. मग खाली वाकून त्यांनी माझ्यावरची एक फोड उचलली आणि तोंडात टाकली. बराच वेळ ते ती चावत होते.

"मीठ नाही."

"मीठ नियमात नाही."

मुकादमांच्या ओठांचा कोपरा हलला. ते पुढच्या जागेकडे वळले. माझा जीव भांड्यात पडला म्हणतात ना, अगदी तसे झाले, आणि मी तर स्वतःच भांडे! त्या दिवशी काकांचे खराटे फारसे खपले नाहीत. माल पलीकडे आणि मालक अलीकडे, शेगडी सोडून जाण्याची त्यांना हिंमत होईना. गिऱ्हाईक खराटा उचलून हाका मारायचे, आणि काका इकडूनच ओरडून भाव सांगायचे.

पुढच्या बाजारी ते तयारीने आले. चहावाल्याने थोडे तेल दिले, भाजीवाल्याने बटाटे दिले आणि मीठही आले. फोडी तरीही निम्म्या कच्च्या राहिल्या, पण बाजारातली माणसे येऊन एकेक फोड उचलून खात होती आणि हसत होती. मी आतून बाहेरून करपट, चिकट, कळकट झालो होतो. तरीसुद्धा त्या दोन दिवसांइतका आनंद मला चांगल्या दिवसांतही कधी झाला नव्हता. मी नुसते बटाटे भाजत नव्हतो, मी ताईची जागा राखत होतो.

त्याच्या पुढच्या बाजारी भल्या सकाळी ताई आणि मुलगी आल्या. टेम्पोतून उतरताना ताईने आधी डोळे मिटून घेतले, मग हळूच उघडून कोपऱ्याकडे पाहिले. तिथे डबेवाला नव्हता. तिथे तिची शेगडी होती आणि शेगडीवर मी. ती धावतच आली, आणि माझे रूप बघून थबकली.

"अगं बाई! ही काय दशा झाली माझ्या तव्याची? कोणी केली?"

खराटेकाका टपरीआड खराटे मोजण्याचे सोंग करत होते. तितक्यात मुकादम फेरीवर आले. ताईला बघून गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "ताई, जरा लक्ष द्या स्वयंपाकाकडे. गेले दोन बाजार फार बिघडला होता." आणि चालते झाले.

ताई क्षणभर गोंधळली. तिने भरलेली बादली पाहिली, रस्त्यापलीकडे पडलेल्या वाळक्या काड्या पाहिल्या, काकांच्या जळालेल्या मिश्या पाहिल्या, आणि तिला सगळे उमगले. ती पदराने डोळे टिपत तिथेच खाली बसली.

"रडताय काय? ठिणग्या उडतात तुमच्या शेगडीतून फार," काका म्हणाले. "मी पहिल्यापासून सांगतोय!"

मग मुलीने जाडे मीठ घेतले आणि अर्धा चिरलेला बटाटा हातात धरून ती मला घासू लागली. घासता घासता उत्सवाची हकिकत काकांना सांगत होती. तिथे पाणी मोजून मिळे, त्यामुळे दिवसभराचे बटाटे पहाटेच उकडून ठेवावे लागत. बाजारात कच्चा बटाटा उरला तर घरी येतो, तिथे उकडलेला उरला की संध्याकाळी आंबतो. त्यांची जागा पाळण्यांच्या मागे होती. माणसांचा पूर होता खरा, पण तो समोरून वाहत जाई, थांबत नसे. पहिले काही दिवस पाट्याच्या पाट्या फेकाव्या लागल्या. भाड्याचा तवा मधले बटाटे जाळी आणि कडेचे कच्चे ठेवी. शेवटचे दोन दिवस मात्र हात पुरले नाहीत, सगळे संपले. त्या दोन दिवसांबद्दल सांगताना तिचे डोळे चमकत होते, आणि ताईचेही.

मी स्वच्छ झालो तेव्हा ताईने टोपली ओढली. उत्सवातून घरी आलेले बटाटे तिने माझ्या कडेवर मांडले. बाजारच्या भावाने ते अकरा झाले. त्यांच्यासमोर तिने बुडालेल्या दोन बाजारांचे मांडले. बारा.

तिघेही त्या दोन रांगांकडे बघत बसले. मग मुलगी हसू लागली. "नऊ दिवस पाय तुटेस्तोवर उभ्या राहिलो आणि एका बटाट्याने हरलो!"

"शेवटचे दोनच दिवस गेलो असतो तर जिंकलो असतो," ताई म्हणाली. "पुढच्या वर्षी कोणाशी अर्धी जागा वाटून घेऊ. तीही शेवटच्या दोन दिवसांची, आणि बाजार सांभाळून."

"पण आई, तुझी रांगही चुकते." मुलीने एक बटाटा उचलला. "या रांगेत कोळशाचे आहेत, टेम्पोचा आहे. तुझ्या हातांचा कुठे आहे? उत्सवात पाय सुजले म्हणून आपण तो धंदा महाग म्हणतो. बाजारात सुजतात ते काय फुकटचे?" आणि तिने तो बटाटा बाजाराच्या रांगेत, जगाच्या बाजूला ठेवला. "हा तुझ्या हातांचा. आजपासून दर बाजारी."

ताईने आपल्या हातांकडे पाहिले. मग तिने स्वतः एक बटाटा घेतला आणि त्याच्या शेजारी ठेवला. "उत्सवात झाडलोटीचेसुद्धा पैसे मोजले मी. इथे दोन बाजार कोणी माझी शेगडी राखली, त्याचा एकही कधी मांडला नाही. हा खराटेकाकांचा."

काका जागेवरून उठले, त्यांनी तो बटाटा उचलला, सदऱ्याला पुसला आणि कच्चाच कडकन चावला.

"अहो! तो हिशेबातला होता!"

"म्हणूनच मिटवला," काका तोंड भरून म्हणाले. "शेजाऱ्याचा बटाटा मांडायचा नसतो, ताई. आणि खरं सांगू का, तुमच्यापेक्षा मीच बरे भाजतो."

सगळे हसले. मीही हसलो असेन, कारण माझ्या अंगावरचे बटाटे थरथरले. हसणे थांबल्यावर मुलगी पुन्हा माझ्याजवळ आली. ज्या कडेवरून कोंबड्यांखेरीज कोणी माझे कौतुक केले नव्हते, त्या कडेवरून तिने सावकाश हात फिरवला. टोपलीतला एक लहानसा, गोल बटाटा तिने निवडून घेतला आणि रांगेच्या अगदी शेवटी ठेवला.

"आणि हा तव्याचा," ती म्हणाली. "तेलाचा, फडक्याचा, आणि मी याला भंगार म्हणाले त्याचा."

मित्रांनो, त्या क्षणी शेगडी पेटलेली नव्हती, तरी माझे अंग गरम झाले.

तेव्हापासून ताई दर बाजारी तो बटाटा मांडते. त्या वाट्यातून माझ्यासाठी चांगले तेल येते, सुती फडके येते, पावसाळ्यात कोरडे गोणपाट येते. ताईच्या वाट्यातून एक उंच स्टूल आले आणि बसून भाजायची सोय झाली. उत्सवाला आम्ही वर्षातून दोन दिवस जातो. मी नेहमीच्या कोळशाविना, गॅसवर, थोडा उशिरा तापतो, पण टेम्पोतली माझी जागा आता पक्की असते. खराटेकाका थकलेत. ते अजून ठिणग्यांवरून भांडतात, आणि बादली अजून तिथेच भरलेली असते. या सगळ्यांचे उपकार मी कसे फेडणार? मला एकच काम येते, ते मी मनापासून करतो.

माझे एक मागणे आहे. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याला ओला ठेवू नका, साबणाने खरवडू नका, काम झाले की पुसून तेलाचे बोट लावा. आणि मोठे झाल्यावर कधी असा हिशेब मांडायला बसलात, हे स्वस्त की ते महाग, इथे राहू की तिथे जाऊ, तर रांग मांडून झाल्यावर लगेच उठू नका. एकदा नीट बघा, त्यात कोणाचा बटाटा राहिला तर नाही ना.

बघा, कोळसे लाल झाले. ताई स्टुलावर बसली. चला, वाट्या पुढे करा.